पार्श्वभूमी रंजन (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री)

पार्श्वभूमी रंजन म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री या तंत्राने ऊतकाची तपासणी करताना, ज्या प्रथिनाचा शोध घ्यावयाचा आहे त्याच्याशी संबंध नसलेल्या ठिकाणी उमटणारा अनावश्यक रंग होय. हा रंग कधी संपूर्ण छेदावर फिकट तपकिरी थरासारखा पसरतो, कधी केवळ कडांवर किंवा संयोजी ऊतकात दिसतो, तर कधी काही ठरावीक पेशींतच गडद कणांच्या रूपाने आढळतो. शेवटचा प्रकार सर्वांत फसवा असतो, कारण तो खऱ्या रंजनासारखाच दिसतो.

कर्करोगाच्या निदानात आणि उपचारांच्या निवडीत इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा मोठा आधार घेतला जातो. काचपट्टीवरील तपकिरी रंग ‘हे प्रथिन येथे आहे’ असे सांगतो, असे तपासणारा गृहीत धरतो. हे गृहीतक चुकल्यास निदान चुकू शकते. म्हणून पार्श्वभूमी रंजन कमी करणे म्हणजे केवळ काचपट्टी देखणी करणे नव्हे. रंगाचा पुरावा विश्वासार्ह ठरवण्याचे ते काम आहे. या रंजनाला एकच एक कारण नसल्याने त्यावर एकच एक उपायही नाही. कारण ओळखून त्याला लागू पडणारा उपाय योजणे, हे या कामाचे मुख्य सूत्र मानले जाते.

पद्धतीची रूपरेषा

पार्श्वभूमी रंजन कोठून येते हे समजण्यासाठी मूळ पद्धतीचे टप्पे माहीत असणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेत किंवा बायॉप्सीत मिळालेला ऊतकाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून स्थिर केला जातो आणि पॅराफिन मेणात बसवला जातो. त्याचे साधारणतः ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे छेद काचपट्टीवर घेतात. झायलीनने मेण काढून, अल्कोहोलच्या उतरत्या संहतींमधून छेद पाण्यापर्यंत आणतात. फॉर्मॅलिनमुळे प्रथिनांमध्ये आडवे बंध निर्माण होतात व प्रतिजनाचा ओळखण्याजोगा भाग झाकला जातो. तो पुन्हा उघडा करण्यासाठी छेद सायट्रेट किंवा तत्सम बफर विद्रावात तापवतात. या क्रियेला प्रतिजन पुनर्लाभ म्हणतात.

यानंतर छेदावर प्राथमिक प्रतिपिंड घालतात. ते आपल्या प्रतिजनाशी कुलूप-किल्लीप्रमाणे जुळते. मग प्राथमिक प्रतिपिंडाला ओळखणारे दुय्यम प्रतिपिंड घातले जाते. त्याला प्रत्यक्ष किंवा मध्यस्थ रेणूंमार्फत एखादे एंझाइम जोडलेले असते. हे एंझाइम बहुधा हॉर्सरॅडिश या वनस्पतीच्या मुळापासून मिळणारे पेरॉक्सिडेझ असते. शेवटी डायअमिनोबेंझिडीन, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत डीएबी, हा रंगजनक पदार्थ हायड्रोजन पेरॉक्साइडसह घालतात. एंझाइम जेथे असेल तेथे डीएबीचा न विरघळणारा तपकिरी साका जमतो. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी रंगवली की निळ्या पार्श्वभूमीवर तपकिरी रंग उठून दिसतो.

एंझाइमाचा एक रेणू रंगजनकाच्या असंख्य रेणूंचे रूपांतर करतो. त्यामुळे अत्यल्प प्रथिनही डोळ्यांना दिसते, हे या पद्धतीचे बळ आहे. तीच तिची दुर्बलताही आहे, कारण वर्धन करताना एंझाइम योग्य ठिकाणी आहे की अयोग्य ठिकाणी, असा भेद होत नाही. चुकीच्या जागी चिकटलेल्या थोड्या प्रतिपिंडांचाही रंग तितक्याच जोमाने उमटतो.

इतिहास

पार्श्वभूमीचा प्रश्न या तंत्राइतकाच जुना आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील आल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडाला अनुस्फुरक रेणू जोडण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी प्रथम वापरलेल्या रेणूचे अनुस्फुरण निळे होते. मात्र अनेक ऊतके जंबुपार प्रकाशात स्वतःच निळसर चमकतात. त्यामुळे प्रतिपिंडाचा प्रकाश आणि ऊतकाचा प्रकाश वेगळे ओळखणे अवघड झाले, आणि कून्स यांनी हिरवा प्रकाश देणाऱ्या फ्लुओरेसिनकडे मोर्चा वळवला. पुढे १९५० मध्ये कून्स आणि मेल्विन कॅप्लन यांनी सुधारित पद्धत मांडली. प्रतिपिंडाचा विद्राव ऊतकाच्या कोरड्या भुकटीत मिसळून गाळून घ्यावा, म्हणजे कोठेही चिकटणारा त्यातील अंश भुकटीलाच चिकटून वेगळा होतो, असा उपाय त्या काळात रूढ झाला.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉल नकाने आणि स्ट्रॅटिस अव्रामिआस यांच्या कार्यामुळे अनुस्फुरक रेणूंच्या जोडीला एंझाइमे आली आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली निष्कर्ष पाहणे शक्य झाले. मात्र त्याबरोबर ऊतकातील स्वतःच्या एंझाइमांचा नवा अडथळा उभा राहिला. १९७५ मध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे अखंड निर्माण करणाऱ्या संकरित पेशींची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यासाठी त्यांना नील्स येर्ने यांच्यासह १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या एककृंतकीय प्रतिपिंडांमुळे रक्तरसातील इतर अनाहूत प्रतिपिंडांपासून होणारे रंजन बरेच कमी झाले. १९८१ मध्ये आलेल्या ॲव्हिडिन-बायोटिन संकुल पद्धतीने संवेदनक्षमता वाढवली, पण ऊतकातील बायोटिनची अडचण तिच्याबरोबरच आली. १९९१ मध्ये उष्णतेने प्रतिजन पुनर्लाभ करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तिने अनेक झाकलेली प्रतिजने उघडी केली, तसेच झाकलेले बायोटिनही उघडे केले. प्रत्येक नव्या सुधारणेने जुनी अडचण दूर करताना एखादी नवी अडचण समोर आणली, असे या इतिहासात वारंवार दिसते.

कारणे आणि उपाय

ऊतकातील स्वतःची एंझाइमे

पेरॉक्सिडेझ हे काही केवळ प्रयोगशाळेतून येणारे एंझाइम नव्हे. न्यूट्रोफिल व इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींत आणि काही महाभक्षी पेशींत ते मुळातच असते. तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिनही पेरॉक्सिडेझासारखी क्रिया घडवते. त्यामुळे रक्तस्राव किंवा दाह असलेल्या ऊतकात प्रतिपिंड न घालताही डीएबी तपकिरी होऊ शकते.

यावरील प्रचलित उपाय म्हणजे प्रतिपिंड घालण्यापूर्वी छेद हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवणे. पाण्यातील ३ टक्के किंवा मिथेनॉलमधील ०.३ टक्के विद्राव साधारण १० ते ३० मिनिटे वापरतात. क्रियाधार मुबलक मिळाल्याने आणि रंगजनक नसल्याने ऊतकातील एंझाइमाची क्रिया संपुष्टात येते. इओसिनोफिलमधील पेरॉक्सिडेझ अधिक चिवट असते, त्यामुळे त्या पेशींत थोडा रंग शिल्लक राहण्याची शक्यता लक्षात ठेवावी लागते. विद्राव ताजा असणे आवश्यक आहे, कारण हायड्रोजन पेरॉक्साइड साठवणीत विघटित होते. काही नाजूक प्रतिजने या उपचाराने बिघडतात. त्यांच्या बाबतीत हा टप्पा प्राथमिक प्रतिपिंडानंतर घेतला जातो. सोडियम अझाइड हे परिरक्षक हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेझाला निष्क्रिय करते. म्हणून या एंझाइमासोबत वापरावयाच्या बफरमध्ये ते नसावे. अन्यथा पार्श्वभूमीसह खरा रंगही नाहीसा होतो.

अल्कलाइन फॉस्फेटेझ हे एंझाइम वापरल्यास आतडे, मूत्रपिंड, अस्थी आणि अपरा या ऊतकांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. रंगजनकाच्या विद्रावात लेव्हॅमिसोल मिसळले असता यांपैकी बहुतेक ठिकाणची एंझाइमक्रिया थांबते. आतड्यातील प्रकार मात्र लेव्हॅमिसोलला दाद देत नाही. तेथे सौम्य ॲसिटिक अम्लाचा उपचार करतात किंवा पेरॉक्सिडेझावर आधारित पद्धत निवडतात.

ऊतकातील बायोटिन

अंड्याच्या पांढऱ्या बलकातील ॲव्हिडिन या प्रथिनाचा बायोटिन या जीवनसत्त्वाशी अत्यंत घट्ट बंध होतो. ॲव्हिडिनचा एक रेणू बायोटिनचे चार रेणू धरून ठेवतो. या गुणाचा उपयोग करून दुय्यम प्रतिपिंडाला बायोटिन आणि एंझाइमाला ॲव्हिडिन जोडण्याची पद्धत विकसित झाली. परंतु बायोटिन हे पेशींतील कार्बॉक्सिलेझ एंझाइमांचे सहघटक असल्याने ते शरीरात सर्वत्र असते. यकृत, मूत्रपिंड आणि तंतुकणिकांनी समृद्ध असलेल्या अर्बुदांच्या पेशींत त्याचे प्रमाण अधिक असते. ॲव्हिडिन तेथे थेट जाऊन चिकटते आणि पेशीद्रव्यात बारीक कणांच्या रूपाने रंग दिसतो.

याचे एक बोधप्रद उदाहरण यकृताच्या कर्करोगाच्या संदर्भात आढळते. इनहिबिन हे प्रथिन अंडाशयातील काही अर्बुदे आणि अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकाची अर्बुदे ओळखण्यासाठी शोधले जाते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात यकृतपेशींच्या कर्करोगातही इनहिबिनचे रंजन दिसते, असे प्रसिद्ध झाले. अधिवृक्क ग्रंथी आणि यकृत शेजारी असल्याने आणि त्यांची अर्बुदे सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी सारखी दिसत असल्याने, या निरीक्षणाला निदानाच्या दृष्टीने महत्त्व होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मात्र हे रंजन ऊतकातील बायोटिनमुळे झाल्याचे दाखवून दिले. बायोटिनचे अवरोधन केल्यावर तो रंग राहिला नाही. दिसणारा रंग खराच होता. त्याचा लावलेला अर्थ चुकीचा होता.

बायोटिन झाकण्यासाठी छेदावर प्रथम मुक्त ॲव्हिडिन घालतात. ते ऊतकातील बायोटिनवर बसते. मग ॲव्हिडिनच्या रिकाम्या राहिलेल्या जागा भरण्यासाठी मुक्त बायोटिन घालतात. पहिल्या उपचारानंतर दुसरा न केल्यास त्या रिकाम्या जागा पुढे बायोटिनयुक्त दुय्यम प्रतिपिंडाला पकडतात आणि पार्श्वभूमी उलट वाढते. हे अवरोधन प्रतिजन पुनर्लाभानंतर करावे लागते, कारण उष्णतेमुळे बायोटिन अधिक उघडे पडते. साय काढलेल्या दुधाचा अवरोधक म्हणून वापर होतो. पण दुधातच बायोटिन असल्याने बायोटिनवर आधारित पद्धतीत त्याचा वापर जपून करावा लागतो.

ॲव्हिडिनवर शर्करेच्या साखळ्या असतात आणि त्याचा समविद्युत बिंदू सुमारे १० असल्याने सर्वसाधारण पीएचला त्यावर धन विद्युत भार असतो. यामुळे ते बायोटिन नसलेल्या ठिकाणीही चिकटते. स्ट्रेप्टोमायसीज ॲव्हिडिनी या जीवाणूपासून मिळणाऱ्या स्ट्रेप्टॲव्हिडिनमध्ये शर्करेच्या साखळ्या नसतात आणि त्याचा समविद्युत बिंदू उदासीनाच्या जवळ असतो. म्हणून त्यापासून होणारी पार्श्वभूमी कमी असते. १९९०च्या दशकात दुय्यम प्रतिपिंडे आणि एंझाइमे एकाच लांब बहुवारिकावर जोडणाऱ्या पद्धती प्रचारात आल्या. त्यांत बायोटिनचा वापरच नसल्याने या कारणाचे मूळ नाहीसे झाले. निदान प्रयोगशाळांत आता या पद्धतीच अधिक वापरल्या जातात.

प्रथिनांची सर्वसाधारण चिकटण

प्रतिपिंड हे स्वतः एक प्रथिन आहे. प्रतिजनाशी होणाऱ्या नेमक्या जुळणीव्यतिरिक्त, इतर प्रथिनांप्रमाणे ते जलविरोधी आकर्षणाने किंवा विद्युत भारामुळे ऊतकाला चिकटू शकते. फॉर्मॅलिनच्या आडव्या बंधांमुळे ऊतकातील प्रथिनांची जलविरोधी वृत्ती वाढते. म्हणूनच अतिस्थिरीकरण झालेल्या ऊतकात अशी चिकटण अधिक आढळते. कोलॅजेनयुक्त संयोजी ऊतक, स्नायू आणि मृत झालेला भाग यांवर पसरलेला एकसारखा रंग हे या प्रकाराचे लक्षण आहे.

यावर प्राथमिक प्रतिपिंडापूर्वी निरुपद्रवी प्रथिनाचा विद्राव घालून चिकट जागा आधीच व्यापून टाकतात. त्यासाठी प्राण्याचा सामान्य रक्तरस, गाईच्या रक्तरसातील अल्ब्युमिन किंवा केसीन वापरतात. रक्तरस वापरताना तो दुय्यम प्रतिपिंड ज्या प्राण्यापासून मिळवले त्याच प्राण्याचा असावा, असा नियम आहे. उदाहरणार्थ, प्राथमिक प्रतिपिंड सशाचे आणि दुय्यम प्रतिपिंड बकरीचे असेल, तर बकरीचा रक्तरस वापरतात. येथे सशाचा रक्तरस वापरला तर त्यातील इम्युनोग्लोब्युलिन छेदाला चिकटेल, दुय्यम प्रतिपिंड त्यालाही ओळखेल आणि पार्श्वभूमी कमी होण्याऐवजी वाढेल.

बफरमध्ये ट्वीन २० यासारखे सौम्य अपमार्जक ०.०५ ते ०.१ टक्का प्रमाणात मिसळल्यास जलविरोधी आकर्षण कमी होते. विद्युत भारामुळे होणारी चिकटण बफरमधील मिठाचे प्रमाण वाढवून कमी करता येते. मात्र मीठ किंवा अपमार्जक प्रमाणाबाहेर गेल्यास दुर्बल पण खरे असलेले बंधही तुटतात. स्थिरीकरणानंतर ऊतकात उरलेले मुक्त अल्डिहाइड गटही प्रतिपिंडाला धरून ठेवतात. त्यांना ग्लायसीन किंवा अमोनियम क्लोराइडने निष्क्रिय करतात. ग्लुटाराल्डिहाइडने स्थिर केलेल्या ऊतकासाठी सोडियम बोरोहायड्राइड वापरले जाते.

प्रतिपिंडांची चुकीची ओळख

प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. त्याच्या दोन भुजा प्रतिजनाला धरतात. दांड्याला एफसी भाग म्हणतात. महाभक्षी पेशींसह अनेक प्रतिरक्षा पेशींच्या पृष्ठभागावर या एफसी भागासाठी ग्राही असतात. त्यामुळे प्रतिपिंड उलट्या बाजूने या पेशींना चिकटू शकते. हा दोष गोठवलेल्या छेदांत आणि जिवंत पेशींवर प्रकर्षाने दिसतो. फॉर्मॅलिन व मेण यांच्या संस्कारानंतर तो बराच क्षीण होतो. दांड्याचा भाग काढून टाकलेले प्रतिपिंडाचे खंड वापरणे, हा त्यावरील थेट उपाय आहे.

उंदराच्या ऊतकावर उंदराचेच प्राथमिक प्रतिपिंड वापरल्यास वेगळी अडचण उद्भवते. दुय्यम प्रतिपिंड उंदराचे कोणतेही इम्युनोग्लोब्युलिन ओळखते आणि ते ऊतकात, विशेषतः रक्तवाहिन्या व ऊतकद्रवात, आधीपासूनच असते. अशा वेळी सशापासून मिळवलेले प्राथमिक प्रतिपिंड निवडणे हा सर्वांत सोपा मार्ग असतो. ते शक्य नसेल तर ऊतकातील इम्युनोग्लोब्युलिन प्रतिपिंडांच्या खंडांनी आधी झाकून घेतात. मानवी ऊतकावर वापरावयाच्या दुय्यम प्रतिपिंडातून मानवी इम्युनोग्लोब्युलिनला चिकटणारा अंश आधीच शोषून काढलेला असणेही याच कारणाने महत्त्वाचे ठरते.

प्रतिपिंडाची संहती

पार्श्वभूमी रंजनाचे एक अत्यंत सामान्य कारण म्हणजे प्राथमिक प्रतिपिंड गरजेपेक्षा अधिक दाट असणे. विद्राव दाट असला की प्रतिजनावरील जागा भरल्यावर उरलेले रेणू दुर्बल आकर्षणाच्या जागा शोधू लागतात. म्हणून प्रत्येक नव्या प्रतिपिंडासाठी विरलीकरणाची मालिका करून पाहतात. एकाच ऊतकाच्या सलग छेदांवर १:५०, १:१००, १:२००, १:४०० व १:८०० अशी विरलने वापरतात. ज्या विरलनाला खरा रंग ठळक आणि पार्श्वभूमी स्वच्छ असते, ते निवडले जाते. सर्वांत गडद रंग देणारे विरलन हेच उत्तम विरलन, हा समज चुकीचा आहे. विरल प्रतिपिंड ४ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवणे हे पुष्कळदा दाट प्रतिपिंड थोडा वेळ ठेवण्यापेक्षा हितकर ठरते. डीएबीची मुदतही सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवावी लागते; ती लांबली की सर्वत्र तपकिरी छटा चढते.

स्थिरीकरण आणि हाताळणी

काही दोषांचे मूळ रंजनाच्या कितीतरी आधी, शस्त्रक्रियागृहात असते. शरीरातून काढलेले ऊतक तसेच राहिले तर पेशी मरू लागतात, त्यांतील प्रथिने बाहेर झिरपतात आणि शेजारच्या भागात पसरतात. फॉर्मॅलिन ऊतकात हळूहळू मुरते. मोठा तुकडा न कापता ठेवल्यास बाहेरचा थर स्थिर होतो आणि गाभा तसाच राहतो. मग कडा व मध्य यांचे रंजन निरनिराळे होते. स्तनाच्या कर्करोगाच्या चाचण्यांसाठी अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी आणि कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स यांच्या मार्गदर्शक सूचनांत, ऊतक एका तासाच्या आत १० टक्के उदासीन बफरयुक्त फॉर्मॅलिनमध्ये ठेवावे आणि स्थिरीकरण ६ ते ७२ तासांचे असावे, असे सांगितले आहे. या टप्प्यावर झालेले नुकसान पुढील कोणत्याही अवरोधनाने पूर्णपणे भरून निघत नाही.

प्रयोगशाळेतील हाताळणीचे दोष तुलनेने साधे, पण वारंवार घडणारे असतात. मेण पुरते न निघाल्यास ठिपकेदार, असमान रंग दिसतो. रंजनाच्या दरम्यान छेद कोरडा पडल्यास कडेला गडद पट्टा उमटतो. म्हणून छेद झाकणाच्या ओलसर पेटीत ठेवतात. छेदाला घडी पडली किंवा तो जाड झाला तर विद्राव तेथे अडकून राहतो. धुणे अपुरे झाल्यास न चिकटलेली प्रतिपिंडे मागे राहतात. छेद तरंगवण्याच्या पाण्यात जिलेटिनासारखा चिकट पदार्थ घातलेला असेल, तर ऊतकाबाहेरच्या मोकळ्या काचेवरही रंग चढतो. काचेवरचा असा रंग उपयुक्त सूचना देतो: दोष ऊतकाचा नसून हाताळणीचा किंवा विद्रावांचा आहे.

नैसर्गिक रंगद्रव्ये

प्रत्येक तपकिरी रंग हे रंजन नसते. मेलॅनिन, हीमोसिडेरिन, लिपोफसिन ही रंगद्रव्ये आणि अम्लधर्मी फॉर्मॅलिनमुळे तयार होणारे काळपट तपकिरी कण मुळातच डीएबीसारखे दिसतात. रंजन न केलेला छेद शेजारी ठेवून पाहिल्यास त्यांची ओळख पटते. मेलॅनोमासारख्या रंगद्रव्ययुक्त अर्बुदात तपकिरीऐवजी लाल रंग देणारा रंगजनक वापरणे सोयीचे ठरते. हिमॅटॉक्सिलिनऐवजी जिम्सा रंजक वापरला, तर मेलॅनिन हिरवट-निळे दिसते आणि डीएबी तपकिरीच राहते.

अनुस्फुरणावर आधारित पद्धतींत याचेच दुसरे रूप म्हणजे ऊतकाचे स्वयंअनुस्फुरण होय. लिपोफसिन, इलॅस्टिन, कोलॅजेन आणि तांबड्या पेशी हे त्याचे मुख्य स्रोत आहेत. ७० टक्के अल्कोहोलमधील सुदान ब्लॅक बी किंवा कॉपर सल्फेटचा विद्राव वापरून ते कमी करता येते. अधिक लांब तरंगलांबीचे अनुस्फुरक रंजक निवडणे हाही एक प्रभावी उपाय आहे.

कारण शोधण्याची रीत

पार्श्वभूमी दिसताच सर्व उपाय एकदम करून पाहणे योग्य ठरत नाही. रंग गेला तरी कोणत्या उपायाने गेला हे कळत नाही आणि खऱ्या रंजनाचेही नुकसान होऊ शकते. त्याऐवजी एकाच ऊतकाचे सलग छेद घेऊन, शेवटच्या टप्प्यापासून मागे जात एकेक घटक वाढवत नेतात.

१. केवळ डीएबी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेला छेद तपकिरी झाला, तर कारण ऊतकातील पेरॉक्सिडेझ होय. रंजन न केलेल्या छेदातही रंग दिसत असेल, तर ते नैसर्गिक रंगद्रव्य आहे.

२. एंझाइमयुक्त ॲव्हिडिन किंवा स्ट्रेप्टॲव्हिडिन आणि डीएबी घातल्यावरच रंग आला, तर ऊतकातील बायोटिनचा संशय घ्यावा.

३. दुय्यम प्रतिपिंडाचा टप्पा वाढवल्यावर रंग आला, तर दुय्यम प्रतिपिंड ऊतकातील इम्युनोग्लोब्युलिनला किंवा अन्य प्रथिनांना चिकटत आहे.

४. प्राथमिक प्रतिपिंडाऐवजी त्याच प्राण्याचे, त्याच प्रकारचे आणि तितक्याच संहतीचे असंबद्ध प्रतिपिंड घातल्यावर रंग आला, तर प्रतिपिंडांची सर्वसाधारण चिकटण किंवा एफसी ग्राही हे कारण असते.

५. वरील सर्व छेद स्वच्छ असून केवळ खऱ्या प्राथमिक प्रतिपिंडानेच पार्श्वभूमी येत असेल, तर त्याची संहती जास्त आहे किंवा ते दुसऱ्या एखाद्या प्रथिनालाही ओळखत आहे.

या पाच छेदांना लागणारा वेळ आणि खर्च थोडा असतो. त्यांतून कारण निश्चित झाले, की उपाय बहुधा एकाच टप्प्यापुरता मर्यादित राहतो.

नियंत्रणे

दैनंदिन कामात प्रत्येक चाचणीबरोबर नियंत्रण छेद ठेवले जातात. ज्यात प्रथिन निश्चित आहे अशा ऊतकाचा छेद धन नियंत्रण म्हणून, तर प्राथमिक प्रतिपिंड वगळलेला रुग्णाच्याच ऊतकाचा छेद ऋण नियंत्रण म्हणून वापरतात. रुग्णाच्या छेदातील सामान्य पेशी हेही एक अंगभूत नियंत्रण असते. ज्या पेशींत प्रथिन असावयास हवे त्या रंगल्या आणि ज्यांत नसावे त्या स्वच्छ राहिल्या, तरच अर्बुदातील रंगावर विसंबता येते.

प्रतिपिंड वगळलेला छेद स्वच्छ असणे म्हणजे प्राथमिक प्रतिपिंड विशिष्ट असल्याचा पुरावा नव्हे, ही मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तो छेद केवळ इतर घटकांविषयी सांगतो. प्रतिपिंडाची स्वतःची पारख करण्यासाठी, ज्या प्राण्यांत किंवा पेशींत संबंधित जनुक काढून टाकले आहे त्यांच्या ऊतकावर ते वापरून पाहतात. तेथेही रंग आला, तर ते प्रतिपिंड दुसरेच काही ओळखत आहे.

निदानातील महत्त्व

स्तनाच्या कर्करोगातील हर-२ या प्रथिनाची चाचणी हे याचे ठळक उदाहरण आहे. या प्रथिनावर कार्य करणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीचा निष्कर्ष ०, १+, २+ आणि ३+ अशा श्रेणींत दिला जातो. १० टक्क्यांहून अधिक अर्बुदपेशींचे पटल संपूर्ण परिघावर गडद रंगले असेल, तर निष्कर्ष ३+ धरतात. २+ आल्यास जनुकाची वेगळी चाचणी करतात. हर-२ हे पेशीपटलावरील प्रथिन असल्याने पेशीद्रव्यातील रंग येथे मोजला जात नाही. शेजारच्या सामान्य स्तननलिकांच्या पेशीही ठळक रंगल्या असतील, तर ती चाचणी संशयास्पद मानून पुन्हा करावी लागते. खोट्या रंगामुळे एखाद्या रुग्णाला हृदयावर दुष्परिणाम करू शकणारे महागडे औषध विनाकारण दिले जाण्याचा धोका असतो.

इस्ट्रोजेन ग्राहीच्या चाचणीत कसोटी याहून बारीक आहे. १ टक्का अर्बुदपेशींची केंद्रके रंगली तरी निष्कर्ष सकारात्मक धरला जातो. इतक्या खालच्या मर्यादेवर पार्श्वभूमीची पुसट छटाही निर्णय बदलू शकते. रंग पेशीच्या योग्य भागात आहे का, हा प्रश्न म्हणूनच रंगाच्या गडदपणाइतकाच महत्त्वाचा ठरतो: हर-२ साठी पटल, इस्ट्रोजेन ग्राहीसाठी केंद्रक.

मर्यादा

पार्श्वभूमी पूर्णपणे नाहीशी करणे हे या तंत्राचे उद्दिष्ट नसते. अवरोधन, विरलीकरण आणि धुणे यांपैकी कोणताही उपाय अतिरेकाने केल्यास खरा रंगही पुसट होतो. तसे झाल्यास खोट्या सकारात्मक निष्कर्षाची जागा खोटा नकारात्मक निष्कर्ष घेतो, आणि आवश्यक उपचार नाकारला जाण्याची शक्यता निर्माण होते. स्वयंचलित यंत्रे आणि तयार विद्रावसंच यांमुळे हाताळणीतील फरक कमी झाले आहेत. परंतु ऊतक कसे काढले, किती वेळ ठेवले आणि कसे स्थिर केले, यांवर यंत्राचे नियंत्रण नसते. स्वच्छ दिसणारी प्रत्येक काचपट्टी बरोबर असतेच असे नाही. खरा रंग आणि पार्श्वभूमी यांतील फरक नियंत्रण छेदांच्या आधारे दाखवता येतो, तेव्हाच ती काचपट्टी पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाते.